दोन डिस्क आणि लामत्याची पंगत

स्टुडिओला कुलूप लावून मी कॉम्प्युटर घरी आणला, त्याला आता दोन वर्षं होतील. बालाघाटात लग्नाच्या व्हिडिओसाठी माझ्यासारख्या माणसाची गरज उरलेली नाही. आता ड्रोन उडवणारे आहेत, लग्नाआधीच नवरानवरीला वैनगंगेच्या काठाने पळवून त्याचं शूटिंग करणारे आहेत. मला ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर जमवून घ्यायची इच्छाही झाली नाही. माझा स्वभाव आधीच तिरसट. नवरदेवाला "आता हवेत उडी मार" असं सांगायची माझी तयारी नव्हती.

समोरच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटर मांडला आणि त्याच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात जुन्या डिस्क ठेवल्या. पंधरा-सोळा वर्षांची लग्नं त्यांत होती. त्याआधीची कॅसेटवरची, ती बुरशीने खाल्ली. फिल्म कापून, गाणी लावून गिऱ्हाइकाला दिली की मागचं कच्चं शूटिंग पुसून टाकायचं, अशी आमच्या धंद्याची रीत आहे. मी पुसत नव्हतो. आळस हे एक कारण. दुसरं कारण असं की कच्च्या शूटिंगाला पुढे कधीतरी गिऱ्हाईक येतंच, हे मला अनुभवाने कळलं होतं.

कच्च्यात सगळं असतं. पंगतीत बसलेले, हात धुणारे, रुसून मंडपाच्या खांबाला टेकलेले, बाजेवर झोपलेले. फिल्ममध्ये यांतलं कोणी येत नाही. पण आमच्याकडे शेतावर राबणाऱ्या माणसाचा शेवटचा चांगला फोटो बहुधा दुसऱ्याच्या लग्नातच निघालेला असतो. त्या दिवशी तो दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, खांद्यावर नवा गमछा टाकतो. मग कधीतरी तो जातो, तेरवी जवळ येते आणि घरात हार घालायला फोटो नसतो. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाला तीच अडचण. मग घरचं कोणीतरी बसने बालाघाटला यायचं आणि माझ्या दारात उभं राहून विचारायचं, "भाऊ, अमक्याच्या लग्नात आमचे बाबूजी आलते जी. गुलाबी गमछा होता. पाहा न, भेटते काय."

मी शोधायचो. पंगतीतून तेवढं तोंड उचलायचं, बाजूचा माणूस कापायचा, हातातला घास काढून टाकायचा, मागे निळा रंग भरायचा आणि फ्रेम करून द्यायची. वरणभात खाताना हसलेला माणूस भिंतीवर चढायचा आणि लोक त्याला नमस्कार करायचे. हे काम मी अभिमानाने केलं. अजूनही करतो. स्टुडिओ बंद झाला तरी या कामासाठी लोक घर शोधत येतात.

पण या कामाने माझे डोळे बिघडले. आता कुठलीही पंगत लावली की मला जेवणारे दिसत नाहीत. हा गेला, ही गेली, हा पुढच्या पावसाळ्यात विहिरीत पडून गेला, असं दिसत जातं. त्यांना माहीत नसतं. ते वाढप्याला हाताने थांबवतात, पुन्हा जिलेबी घेतात. मला पडद्याच्या काचेवर टकटक करून त्यांना काहीतरी सांगावंसं वाटतं, पण काय सांगायचं ते सुचत नाही.

या सगळ्यात माझी बायकोही आहे. ती जाऊन तीन वर्षं झाली.

ती माझ्यासोबत शूटिंगला यायची. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून ते गुडघे जवाब देईपर्यंत येत राहिली. मी कॅमेरा धरायचो, ती लाइट धरायची. शिवाय नवरीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देतं? तिथे ती जायची, कॅमेराही तीच चालवायची. त्यामुळे कच्च्या शूटिंगात पहिली क्लिप नवरीच्या खोलीतली, आणि त्यात पहिला आवाज तिचा. "मान वर कर वं बाई. लाजू नको, माह्याकडं पाहा." फिल्ममध्ये त्यावर शहनाई लावलेली असते. तिचा आवाज फक्त कच्च्यात.

ती स्वतः कुठेच दिसत नाही. लाइट धरणारं माणूस उजेडाच्या मागे असतं. कुठे तिचं कोपर येतं, कुठे नवरीचा पदर सारखा करणारा बांगड्यांचा हात येतो आणि निघून जातो. ती गेली तेव्हा तेरवीसाठी मी दोन दिवस सगळ्या डिस्क भराभर पुढे पळवत धुंडाळल्या. सगळ्या गावाला मेलेली माणसं काढून देणारा मी, आणि मला माझी बायको सापडेना. आमच्या लग्नातले फोटो आहेत, पण त्यात ती खाली मान घातलेली एकोणीस वर्षांची पोर आहे. मोबाईलमध्ये आहेत ते आजारपणातले, नाकात नळी असलेले. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. त्यात ती कोणावर तरी भडकल्यासारखी दिसते. मुलीने तो पाहिला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "पूरे बालाघाटचे फोटो काढले तुम्ही बाबा, अन् आईचा एक नाही?" मी तिच्यावर ओरडलो. चूक माझी असली की माझा आवाज चढतो, हे माझी बायको सगळ्यांना सांगायची.

कॉम्प्युटर घरी आल्यापासून दुपारी जेवण झालं की मी एखादं जुनं लग्न लावून बसतो. पाहत नाही, ऐकतो. खोलीत ती बोलत असते. "भाऊ, जरासे बाजूले सरका न." "थांबा, थांबा, तिचं कुंकू पसरलं." शेजारची बाई एकदा दारातून विचारून गेली, "पाहुणी आली काय जी घरी?" मी हौ म्हणालो. त्या दिवशी संध्याकाळी तिने वाटीभर जास्तीची भाजी पाठवली.

मागच्या हिवाळ्यात डब्यातली सर्वांत मोठी डिस्क टकटक करायला लागली. आत कोणीतरी नखाने पत्र्यावर मारावं तसा आवाज. मुलगी नागपूरला एका कंपनीत कॉम्प्युटरांची देखभाल करते. तिला फोनवरून तो आवाज ऐकवला.

"बाबा, ही चालली," ती म्हणाली. "दोन नव्या डिस्क घ्या अन् घरच्या कॉम्प्युटरमध्ये रेड लावा."

"ते काय असते?"

"दोन डिस्क जोडून काम करवायचं. आता देखो, दोन तरीके आहेत. एकात दोन्ही मिळून एकच मोठी डिस्क बनते. हर फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जागा पूरी मिळते. पण एक डिस्क गेली तर सगळंच गेलं, कारण अर्ध्या फाइलचं काहीच होत नाही. दुसऱ्यात एक डिस्क दुसरीचा आरसा. जे इकडे लिहिलं तेच तिकडे. जागा अर्धीच मिळते, पण एक मेली तरी दुसरी आहे."

मी दुकानातून चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क आणल्या. कॅबिनेटमध्ये जागाच दोन डिस्कची. घरी येऊन सील तोडलं आणि मग हिशोब लावला. माझ्याकडचा सगळा माल साडेसहा टेराबाइटच्या वर. पहिल्या पद्धतीने सगळा मावत होता. आरसा लावला तर निम्म्याच्या आसपास फेकावं लागणार होतं.

"मग सगळंच ठेवतो," मी मुलीला म्हणालो.

"मग सगळंच धोक्यात राहीन बाबा. अन् अजून एक सुना. आरसा म्हणजे बॅकअप नोहे. तुम्ही आपल्या हातानं मिटवलं तर दोन्हीकडून मिटते. बॅकअप अलग ठेवा लागते."

"मी स्टुडिओ चालवला, पानठेला नाही," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने तेच विचारलं जे ती दर फोनच्या शेवटी विचारते. "आईचं काही सापडलं काय?"

"पाहून राह्यलो," मी म्हणालो. माझंही दर वेळचं उत्तर तेच.

आठ दिवस त्या दोन डिस्क टेबलावर पडून होत्या. मी रोज ठरवायचो आणि रोज बदलायचो. सगळं ठेवायचं मन होतं. साडेसहा टेराबाइट म्हणजे काय, तर एवढी माणसं. त्यांतलं कोण कधी लागेल सांगता येत नाही. पण पहिल्या पद्धतीचा विचार केला की मला वेगळंच काहीतरी दिसायचं. प्रत्येक फाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. म्हणजे तिने "थांबा" म्हटलं तर त्यातला "थां" एका डिस्कवर आणि "बा" दुसऱ्या डिस्कवर. यंत्र तसं अक्षरं मोडून ठेवत नाही हे मला कळतं. तरी मनात ते बसलं ते बसलंच. रात्रंदिवस फिरणाऱ्या दोन चकत्यांवर तिचा आवाज चिरून ठेवायचा, हे मला करवेना.

आरसा लावला. टकटक करणारी डिस्क आधी उतरवून घेतली, सगळीच्या सगळी. तिने शेवटपर्यंत दम धरला आणि दुसऱ्या दिवशी बंद पडली ती कायमचीच. बाकीच्याही डिस्क म्हाताऱ्याच होत्या, त्यांचाही भरवसा नव्हता. त्या उतरवायच्या तर आता जागा करायला हवी होती. म्हणजे निवड करायला हवी होती.

निवड कशी केली ते सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो. ज्या लग्नात तिचा आवाज आहे ते ठेवायचं, ज्यात नाही ते पुसायचं. नवरीच्या खोलीची पहिली क्लिप लावायची, डोळे मिटून ऐकायचं. तिचा आवाज आला की ठेवलं. दुसऱ्याच कोणाचा आला, किंवा नुसती गडबड ऐकू आली, की पुसलं. एका लग्नाला दोन मिनिटं. ज्यांची माणसं त्यात जेवत होती त्यांचा मी विचार केला नाही असं नाही. विचार केला आणि पुसलं. मला वाटलं, पंचवीस वर्षं लोकांची मेलेली माणसं सांभाळली, आता माझं एक सांभाळतो. कोणाला काय कळणार आहे?

लामत्याची लग्नं मात्र न ऐकता ठेवली. लामता तिचं माहेर. माहेरच्या गावात ती लाइट धरायची नाही. "माह्या गावात मी पाहुणी. मी जेवाले येईन, कामाले नाही," असं पहिल्याच वर्षी बजावलं होतं. गावची लेक मंडपात मजुरी करताना दिसली तर तिच्या भावांची मान खाली जाते, असं तिचं म्हणणं. तेव्हा मी चिडायचो, कारण एकट्याने लाइट आणि कॅमेरा जमत नाही. आता तिच्या गावाच्या नावाचा फोल्डर पुसायला हात धजेना.

लांजीच्या फोल्डरांवर आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लांजीची पुष्कळ लग्नं होती. काहींत ती होती, काहींत नव्हती. एका लग्नात पहिल्या क्लिपमध्ये आवाजच धड नव्हता, कोणीतरी नवख्याने कॅमेरा धरलेला. पुसायचं बटण दाबलं, "नक्की पुसायचं का" अशी पाटी आली, आणि खोलीत तिचा आवाज आला, "थांबा."

मी उठून उभा राहिलो. मान मागे वळवायची हिंमत होईना. मग लक्षात आलं, आधी ऐकलेलं एक लग्न दुसऱ्या खिडकीत तसंच चालू राहिलं होतं आणि ती तिथे कोणाला तरी अक्षता टाकण्याआधी थांबवत होती. मी ती खिडकी बंद केली. स्वतःला शिवी दिली. पाटीवर हो म्हटलं. फोल्डर गेला. दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी गेला, आरशाने आपलं काम चोख केलं. रिकाम्या जागेत पुढच्या चार दिवसांत बाकीच्या डिस्क उतरवल्या आणि जागा गच्च भरली.

त्यानंतर पंधरवडा झाला असेल. लामत्याहून एक वहिनी आल्या. वहिनी म्हणजे गावच्या नात्याने. त्यांचा नवरा माझ्या बायकोच्या गावचा, म्हणून तिचा भाऊ, म्हणून या वहिनी. नवरा आठ दिवसांपूर्वी गेला होता. छातीत कळ आली आणि बांधावरच बसला, एवढंच त्यांनी सांगितलं. हातात पिशवी होती, पिशवीत आधार कार्ड होतं.

"भाऊजी, हा एकच आहे," त्या म्हणाल्या. "पण आमच्या आळीतल्या पोरीच्या लग्नाची शूटिंग तुम्हीच केलती. आमचे हे पंगतीत बसलते. नवा सदरा होता. मले तोच फोटो पाहिजे."

"लामत्याचं लग्न न? काही चिंता करू नका वहिनी," मी म्हणालो. लामता सगळं जपलेलं होतं. मला बरं वाटलं. मी त्यांना खुर्ची दिली आणि लामत्याचे फोल्डर एकेक उघडायला लागलो.

पहिल्यात नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. पाचव्या फोल्डरपर्यंत मंडपामागची घरं मला अनोळखी वाटायला लागली. हे लामता नव्हतं. त्यात लामत्याचा नवरदेव होता, वरात लामत्याची होती, पण लग्न दुसऱ्याच कुठल्यातरी गावी नवरीच्या दारात लागत होतं.

वहिनी मागून बोलत होत्या. "तुमच्या बाईही होत्या न त्या लग्नात. माह्या बाजूलेच बसलत्या जेवाले. हिरवी साडी, गजरा. तुम्ही कॅमेरा घेऊन आले अन् त्यांच्या तोंडावरच धरला. त्या म्हणे, मले काहून घेता, पाहुण्यांले घ्या. अन् अशा हासल्या, घास तोंडातच राह्यला. मग आमच्या यायनं म्हटलं, आज हीच पाहुणी आहे, घ्या हिलेच."

मला ते आठवलं. खरंच आठवलं. बारा वर्षं डोक्यात कुठेतरी पडून होतं ते एकदम समोर आलं. पंगतीवरून कॅमेरा नेताना हिरवा रंग आला, मी मुद्दाम थांबलो, तिने डाव्या हाताने तोंड झाकलं, मग हात काढला आणि हसली. मी बराच वेळ कॅमेरा हलवला नव्हता.

"वरात कुठली होती, वहिनी?"

"लांजीची," त्या म्हणाल्या.

बुकिंग करायला माझ्याकडे नवरदेवाचा बाप यायचा. म्हणून मी फोल्डरला नेहमी नवरदेवाच्या गावाचं नाव द्यायचो. पहिल्या दिवसापासून तसंच, हाताला सवयच तशी. आणि लग्न तर नवरीच्या दारात लागतं. म्हणजे लामत्याच्या मांडवातली सगळी लग्नं लांजीच्या, वारासिवनीच्या, गोंदियाच्या नावाखाली होती आणि लामत्याच्या नावाखाली लामता कुठेच नव्हतं. नवख्याने कॅमेरा धरलेलं, मी पुसलेलं लांजीचं ते लग्न याच मांडवातलं. हयातभर लग्नं शूट केलेल्या माणसाला हे कळू नये! ज्या लग्नात तिचा आवाज नाही तिथे ती नाही, असं मी धरून चाललो होतो. आवाज नव्हता, कारण त्या दिवशी ती उजेडात बसली होती.

"काहून, नाही भेटत काय?" वहिनींनी विचारलं.

"डिस्क खराब झाली त्याची," मी म्हणालो.

"मशीनचं काय सांगता येते," त्या म्हणाल्या. उलट त्यांनीच माझी समजूत घातली. आधार कार्ड टेबलावर ठेवलं आणि तेरवीच्या आदल्या दिवशी येते म्हणून गेल्या.

त्या गेल्याबरोबर मुलीला फोन लावला. पुसलेलं परत येतं का म्हणून विचारलं.

"त्याच्यावर नंतर दुसरं काही लिहिलं काय?"

"सगळी भरली."

"मग मुश्कील आहे बाबा. काय होतं?"

"एका गिऱ्हाइकाचं होतं."

तिने बंद पडलेली जुनी डिस्क कुरियरने मागवून घेतली, नागपुरात कोणाला तरी उघडून दाखवली. आतली चकती खरवडून निघाली होती, त्यावर काही उरलं नव्हतं. हे सांगताना ती म्हणाली, "गिऱ्हाइकाले सॉरी म्हणा. अजून काय करणार." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

ते चार दिवस मी कॉम्प्युटरवर कुठलंही लग्न लावलं नाही. तरी दुपारी जेवण झालं की खुर्चीत जाऊन बसायचो. कॉम्प्युटर नुसता चालू असायचा, दोन्ही डिस्क एका लयीत घुंई करत असायच्या. रोज सकाळी पडद्यावर एक पाटी येते, की दोन्ही डिस्क निरोगी आहेत आणि तंतोतंत जुळतात. मला ती पाटी फोडून टाकावीशी वाटायची. हिरवी साडी सारखी डोळ्यांसमोर यायची, पण तोंड आता नीट येत नव्हतं. एकदा आठवलं ते आठवलं, पुन्हा आठवायला गेलो की त्या जागी आधार कार्डावरचंच तोंड यायचं. मी घाबरलो. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर तिचं खरं तोंड डोक्यातूनही जाईल.

वहिनींच्या नवऱ्याचं काम मात्र जीव ओतून केलं. आधार कार्डावरचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो साफ केला, गालांना रंग दिला, खांद्यावर नवा सदरा काढला.

ठरल्या दिवशी त्या आल्या. फ्रेम हातात घेऊन दाराच्या उजेडात गेल्या, पाहत राहिल्या.

"हे ते नोहेत भाऊजी," त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "चालते. लोकाईले काय समजते." त्यांनी फ्रेम पिशवीत घातली आणि जाता जाता भिंतीवर माझ्या बायकोच्या फोटोकडे नजर गेली. "बाईचाही असाच निघाला न," त्या म्हणाल्या. दोष देऊन नाही. दोन घरी एकच आजार निघावा, तशा म्हणाल्या.

"वहिनी, डिस्क आपोआप नाही गेली," मी म्हणालो. "मी मिटवलं."

त्या उभ्याच राहिल्या.

"जागा कमी पडत होती. ज्याच्यात तिचा आवाज होता ते ठेवलं. बाकी मिटवलं. तुमचं लग्न त्या बाकीच्यात गेलं. मले माहीत होतं की लोकाईचे माणसं आहेत त्याच्यात. माहीत असून मिटवलं."

त्यांना समजायला वेळ लागला नाही. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. पिशवी छातीशी धरली.

"म्हणजे तुमची बाई ठेवली अन् माहा माणूस फेकला," त्या म्हणाल्या.

"हौ."

"मी त्यायले कुठं पाहू आता?"

त्या दाराकडे वळल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"तिलेही फेकलं वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही सांगतलं न, हिरवी साडी, हासली. तिचं तोंड तेवढ्या एकाच ठिकाणी होतं. तुमच्या पंगतीत. दुसरं कुठंच नाही."

त्या परत आत आल्या. खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. कॉम्प्युटर बंद करावा असं मला वाटत होतं, पण उठवत नव्हतं.

"पोरीले सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. गिऱ्हाइकाचं होतं म्हणून सांगतलं."

त्यांनी टेबलावरचा माझा मोबाईल उचलून माझ्यासमोर धरला. "लावा."

"तुम्ही गेल्यावर लावतो."

"मी बसून राह्यली आहे," त्या म्हणाल्या. "लावा."

मी लावला. तिकडे ऑफिसातला गलका ऐकू येत होता. मुलगी कोणाला तरी हिंदीत एक मिनिट म्हणाली आणि मग बाजूला गेली असावी, कारण गलका कमी झाला.

"बोला बाबा."

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मला आवाज चढवायचा होता, नेहमीसारखा. तो चढला नाही.

"बेटा," मी म्हणालो, "आईचा फोटो होता आपल्याजवळ."